सेक्टर दोनमधल्या माश्यांची ए शिफ्ट

लोक उटीला जातात, सिमल्याला जातात, गेलाबाजार महाबळेश्वरला तरी. मी फेब्रुवारीच्या शेवटी लेकीच्या सासरी भिलाईला गेले आणि आठवडाभर एका काचेच्या पेटीपुढं स्टुलावर बसून मधमाश्यांचा नाच बघून सांगलीला परत आले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तिकडं बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "माझे व्याही." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. चेष्टा होतीच, पण खोटं काही नव्हतं.

लेक आणि जावई पुण्यात नोकरी करतात. भिलाईच्या घरात तिघंच: व्याही देवराव, विहीणबाई शकूबाई आणि लेकीची नणंद प्रणाली. मूळ घर भंडाऱ्याकडचं, पण देवरावांची चौतीस वर्षं पोलाद कारखान्यात गेली. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी तिकडं फिरकले नव्हते. आमच्याकडं लेकीच्या घरी चहा प्यायचा तरी आई दहादा विचार करते. शेवटी शकूबाई फोनवर म्हणाल्या, "इहीनबाई, आता नाई आल्या तं मीच रुसतो." तेव्हा तिकीट काढलं.

सोमवार

दुर्ग स्टेशनावर देवराव उभे होते. नमस्कार झाला आणि त्यांनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं.

"गाडी चाळीस मिनटं लेट हाय जी. माझी ए शिफ्ट खाली पडून राहिली."

"तुम्ही डिसेंबरात रिटायर झालात ना?"

"प्लांटातून झालो. माश्यातून नाई."

मला वाटलं, निवृत्तीनंतर माणसाच्या डोक्यावर थोडाफार परिणाम होतोच. माझ्याही झाला होता. पण सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये शिरल्यावर सगळा उलगडा झाला. मागच्या पडवीत लाकडी चौकटीची, दोन्ही बाजूंनी काच लावलेली पेटी उभी होती. आत एकावर एक दोन पोळी, आणि त्यांवर सातेरी जातीच्या देशी मधमाश्या खचाखच. भिंतीतून प्लास्टिकचा पाइप बाहेर काढलेला, त्यातून त्यांचं येणंजाणं. काचेवर काळा पडदा. पेटीशेजारी खिळ्याला टांगलेली एक लांबट वही, तिला दोरीनं बांधलेलं पेन, आणि एक चांदा. म्हणजे आपला कंपासपेटीतला कोनमापक.

पेटी प्रणालीची. ती दुर्गच्या कॉलेजात एम.एस्सी. करते आणि तिचा प्रकल्प मधमाश्यांच्या नाचावर आहे. शनिवारी तिचे सर घरी येऊन तपासणार होते. नाच वाचून माश्या कुठं चरायला जातात ते तिनं सांगायचं, आणि त्या जागी तिच्याच पेटीतली माशी दाखवायची. जमलं तर सर शिफारस देणार आणि ती बंगळूरुला पुढच्या संशोधनाला जाणार. नाही जमलं तर वर्ष वाया.

हे सगळं मला शकूबाईंनी स्वयंपाकघरात सांगितलं. त्याबरोबर आणखी एक सांगितलं. बापलेकीचं दोन वर्षं धड बोलणं नव्हतं. देवरावांचं म्हणणं, बी.एड. कर, बँकेची परीक्षा दे, माश्यांमागं कोणी जाते का? प्रणालीनं ऐकलं नाही. तेव्हापासून देवराव म्हणत, "तिले सांग, जेवून घे म्हनाव," आणि प्रणाली तिथंच दोन हातांच्या अंतरावर उभी राहून म्हणे, "आई, पप्पाले सांग, भूक नाई." शकूबाई मध्ये टेलिफोन एक्स्चेंज.

"मंग रिटायर झाले," शकूबाई म्हणाल्या. "महिनाभर घरात नुसते फिरून राहिले बाप्पा. एक दिवस पाहतो तं पेटीपुढं स्टूल टाकून बसले. मले म्हनते, तिले सांग, ती कॉलेजात असते तवा मी पाहीन."

त्या दिवसापासून पडवीत शिफ्टा सुरू झाल्या. सकाळी सहा ते दोन ए शिफ्ट देवरावांची. दोन ते अंधार पडेपर्यंत बी शिफ्ट शकूबाईंची, मध्ये भांडी घासून. वहीत रोज सी शिफ्टसुद्धा लिहिलेली होती: "शटडाऊन."

मंगळवार

सकाळी नाश्त्याला तांदळाच्या पिठाचे चीले आणि टमाट्याची चटणी. आमच्या घावनाचा हा चुलतभाऊ, पण चटणीनं कान तापले. प्रणाली बाजूला बसून मला माशीचा मेंदू समजावत होती. मराठीत सुरू करायची, अर्ध्यात हिंदीत शिरायची.

"मावशी, माशीचा मेंदू किती मोठा असते माहीत हाय? खसखशीचा एक दाना. बस. त्यात दहा लाखाच्या आसपास नसपेशी. आपल्या डोक्यात हजारो करोड."

"आणि तरी माझा चष्मा मला सापडत नाही," मी म्हटलं.

तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. माशीला फुलांची जागा सापडली की ती घरी येऊन अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते. शेपूट थरथरवत एक सरळ रेघ चालते, वळसा घालून परत येते, पुन्हा तीच रेघ. रेघ बरोब्बर वर गेली तर अर्थ: सूर्य आहे त्या दिशेला जा. वरून जितकी उजवीकडे कलली, तितकं सूर्याच्या उजवीकडे. आणि थरथर जितकी जास्त वेळ, तितकी जागा लांब. बाहेर सूर्य, आत अंधार. बाहेर जमीन आडवी, आत पोळं उभं. तरी त्या खसखशीच्या दाण्यात हा हिशोब होतो. मेंदूच्या मधोमध एक भाग आहे, तो होकायंत्रासारखा दिशा धरून ठेवतो. ढगाआड सूर्य असला तरी डोळ्याच्या वरच्या कडेला आभाळाच्या उजेडातला फरक कळतो. उडताना खालची जमीन डोळ्यापुढून किती सरकली त्यावरून अंतर मोजलं जातं. फुलाचा वास, वाटेवरच्या खुणा ठेवायला वेगळा कप्पा.

"आणि बाकीच्यांना अंधारात दिसतं कसं?"

"दिसत नाई ना! त्या नाचणारीला मिशा लावून मागं मागं चालतात. मिशीच्या बुडाशी थरथर समजून घेणारा अवयव असते. बरं, 'वर म्हंजे सूर्य' हे भाषांतर मेंदूत एकदम कैसे होता है, ते अजून कोनाले पूरं समजलं नाई. उसी के लिये तो जाना है मुझे बंगलोर."

देवराव पडवीतून ऐकत होते. तिथूनच ओरडले, "शकू, तिले सांग, माशीच्या डोक्यात घड्याळ बी असते ते सांगितलं नाई तिनं!"

हे खरंच. सूर्य सरकतो तशी आत नाचणारी माशी रेघही सरकवत जाते. देवरावांना हे ठाऊक होतं याचं मला फार कौतुक वाटलं. दोन दिवसांनी कळलं की ठाऊक असणं वेगळं आणि वहीत उतरणं वेगळं.

दुपारी मी जरा पाय मोकळे करायला बाहेर पडले. तीस वर्षं भूगोल शिकवला, शाळेत मला नकाशाबाई म्हणायचे. त्या नकाशाबाईंना सेक्टर दोनमध्ये घर सापडेना. सगळी क्वार्टरं सारखी, सगळ्यांना तसंच फाटक, तशीच पपई, तसाच अंगणात वाळत घातलेला टॉवेल. तिसऱ्यांदा एकाच कुत्र्यानं ओळखीचं भुंकल्यावर मी फोन केला. देवराव सायकलवर आले आणि उतरून माझ्यापुढं चालू लागले. फाटकापाशी आल्यावर म्हणाले, "इहीनबाई, माशीले इतकं जमते जी." मी फाटकावरचा क्वार्टर नंबर पाठ करून घेतला.

बुधवार

आजपासून मलाही ड्युटी. शकूबाईंना दळणाला जायचं होतं, म्हणून बी शिफ्ट माझ्याकडं आली. पण चार्ज घेणं म्हणजे नुसतं स्टुलावर बसणं नव्हे.

देवराव कारखान्यात रोलिंग मिलच्या छताखालची क्रेन चालवत. वरच्या केबिनमधून खाली ऐकू येणं अशक्य. खालचा माणूस हातांनी खुणा करणार आणि हे त्या वाचून टनांचं लोखंड उचलणार. शिफ्ट बदलताना जुना ऑपरेटर आणि त्याला सोडवायला आलेला रिलीव्हर दोघं मिळून हूक, ब्रेक तपासतात, मगच दोघांच्या सह्या. इथंही तेच. दोनच्या ठोक्याला दोघांनी मिळून एक नाच पाहायचा, कोन मोजायचा, सेकंद मोजायचे, दोघांनी सही करायची. ताटातला भात अर्धा टाकून हा माणूस दोन वाजता पेटीपुढं उभा! शकूबाई म्हणाल्या, "चौतीस वर्षांत रिलीव्हरले एक मिनिट थांबवलं नाई म्हनते. मले मात्र भात झाकून ठेवा लागते."

एक मात्र कबूल करते. नाच वाचावा तर देवरावांनीच. मला त्या गर्दीत नुसती वळवळ दिसत होती. ते पडदा बाजूला करत आणि लगेच बोट ठेवत, "हे पाहा. पाठीवर पांढरा ठिपका. सत्तर डाव्या हाताले." ठिपके प्रणालीनं नखपॉलिशचे लावले होते. आयुष्यभर हातवारे वाचलेला माणूस. माशी काय म्हणतेय ते त्याला तिच्या मैत्रिणींच्या आधी कळत असावं.

गुरुवार

संध्याकाळी प्रणालीनं वही उघडली, नकाशावर सगळ्या नोंदी मांडायला. पाच मिनिटांनी तिचा आवाज आला.

"आई, पप्पाले विचार, टाइम कुठं हाय?"

देवराव उठून आले. "हाय ना. हे काय. ए शिफ्ट. ए शिफ्ट. बी शिफ्ट."

"शिफ्ट नाई! घड्याळाचा टाइम!"

"ए शिफ्ट म्हटलं का ए शिफ्ट. वेगळा टाइम कावून लागते?"

मला पहिल्यांदा हसूच आलं, मग मीही वहीत डोकावले. तीन आठवड्यांच्या नोंदी, शेकड्यानं असतील, सुवाच्य अक्षरात, आणि प्रत्येकीपुढं फक्त शिफ्ट. सकाळी सातला सूर्य पूर्वेला, दोनला नैर्ऋत्येला. सूर्य कुठं होता हेच माहीत नसेल तर "सूर्याच्या डावीकडे सत्तर" याला काय अर्थ? नव्यानं मोजायला हातात एकच दिवस, आणि सरांना तीन आठवड्यांचा पुरावा हवा होता. ज्या घरात मुलीचा जन्म "बी शिफ्टमध्ये झाला" असं सांगतात, आणि लग्नाला यायची वेळसुद्धा "जनरल शिफ्ट सुटल्यावर" अशी ठरते, तिथं ही चूक दुसऱ्या कुणाकडून झालीच नसती.

प्रणालीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती थेट वडिलांशी बोलली. "मी आईले सांगायले लावलं होतं ना तुम्हाले, टाइम लिहा म्हणून! परसों सर आ रहे हैं. क्या दिखाऊँ?"

देवरावांचा चेहरा पाहवेना. त्यांनी वही हातात घेतली, पानं उलटली, आणि हळू म्हणाले, "मले वाटलं, लिहून राहिलो." मग पडवीत जाऊन पेटीचा पडदा उगाच सरळ करत बसले. मला त्यांची फार दया आली. चेष्टा करायची हिंमत झाली नाही, आणि माझी हिंमत सहसा होते.

रात्रीचं जेवण कुणी नीट केलं नाही.

शुक्रवार

सकाळी चहाच्या वेळी शकूबाई कपबशा ठेवता ठेवता पुटपुटल्या, "बाकी टाइम गेला चुलीत. दोनचा भात मात्र रोज थंड झाला."

मी कप खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"म्हटलं, दोन वाजले का जेवन सोडून उठते हा मानूस."

मी वही ओढली. चार्ज देतानाची नोंद वेगळी होती! रोज एक, दोन सह्यांची. आणि ती दोनलाच झालेली असणार. दोनला एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. बाकी सगळ्या नोंदी वाहून गेल्या तरी या उरल्या होत्या. प्रणालीला हाक मारली. तिनं मोजल्या: एकवीस. त्यातल्या चौदा एकाच दिशेच्या, पासष्ट ते पंच्याहत्तर डावीकडे, आणि थरथर जवळजवळ सारखीच.

"पप्पा, नक्की दोन? पक्का?"

देवराव दुखावले. कालच्या चुकीनं दुखावले नव्हते इतके. "तू मले काय समजून राहिली? रिलीव्हर उभा असते तिकडं!"

आता सूर्याची दिशा हवी. इथं मात्र नकाशाबाईंचा मान परत आला. अंगणात काठी उभी केली, दोन वाजता तिची सावली खडूनं आखली. सावलीच्या उलट दिशेला सूर्य. तीन आठवड्यांत दोनच्या सूर्याची जागा पाच-सात अंश सरकली असेल, तेवढं मी कागदावर दुरुस्त करून दिलं. तिथून सत्तर अंश डावीकडे. अंतरासाठी प्रणालीनं डिसेंबरातच गल्लीत साखरपाण्याच्या बश्या ठेवून सेकंद आणि मीटर यांची सांगड घातली होती. निघालं: आग्नेयेला, साधारण पाचशे मीटर.

वरात निघाली. पुढं प्रणाली फोनमधलं होकायंत्र धरून, मागं मी, माझ्या मागं सायकल ढकलत देवराव. माशी सरळ उडते. आम्हाला क्वार्टरं आडवी. दर वळणावर प्रणाली आणि माझं भांडण, देवरावांचं एकच पालुपद, "ओव्हरशूट झालं, मागं घ्या." शेवटी एका फाटकापुढं थांबलो. आत तेलुगू बोलणाऱ्या एक आंटी, आणि मागच्या वाफ्यात कोथिंबीर, जिला आमच्या विहीणबाई सांभार म्हणतात, कमरेइतकी वाढून पांढरी फुललेली. धन्यासाठी राखली होती. वर माश्या नुसत्या गुणगुणत होत्या.

"ये आपके हैं?" आंटींनी विचारलं. "रोज आते हैं. शहद कब मिलेगा?"

पण त्या तासाभरात ठिपक्याची एकही माशी आली नाही. सूर्य उतरला, माश्या गेल्या. सातेरी काय कुणाच्याही असतात. ठिपका दिसल्याशिवाय सर कशाला मानतील?

शनिवार

सर दहाला आले. रायपूरकडचे, कमी बोलणारे, हिंदीत. नाच पाहिला, वही मागितली. प्रणालीनं जुन्या पानांवर एकेक तिरकी रेघ मारली होती, पण पान एकही फाडलं नव्हतं.

"ये सब कैंसल क्यों?"

कुणी काही बोलायच्या आत देवराव पुढं झाले. हात दोन्ही बाजूंना सरळ, जसे साहेबापुढं चौकशीला उभे. "सर, गलती मेरी है. शिफ्ट लिखा, टाइम नहीं लिखा. लड़की ने बोला था. इसका नंबर मत काटना."

सरांनी प्रणालीकडं पाहिलं. "पन्ने फाड़ देतीं. मुझे पता भी न चलता."

"पप्पा ने देखा है, सर," ती म्हणाली. "गलत लिखा है, लेकिन देखा सच में है."

देवराव खिडकीबाहेर बघू लागले. मी पदरानं चष्मा पुसला.

मग सगळे आंटींच्या वाफ्याशी. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. बिनठिपक्याच्या माश्या शेकड्यानं. सर दोनदा फोन बघून झाले. प्रणाली एकेक फूल तपासत होती. आंटींनी ताक आणलं, पेले हातातच राहिले. मला तर आजवर न मानलेले सगळे देव आठवले.

सर निघायला वळले आणि देवरावांनी एकदम उजवा हात उंचावून तळवा पुढं धरला. तोंडातून शब्द नाही. पण ती खूण अशी होती की सर एका पायावर थांबले, आंटी थांबल्या, मीसुद्धा ताकाचा पेला तोंडाशी धरून थांबले. देवरावांचं दुसऱ्या हाताचं बोट सरांच्या कोपराजवळच्या एका फुलाकडं गेलं. फुलावर माशी. पाठीवर नखपॉलिशचा पांढरा ठिपका.

सरांनी फोटो काढला. मग दुसरी आली, मग तिसरी. सरांनी चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "फॉर्म भर दीजिए. चिट्ठी मैं लिख दूँगा."

प्रणालीनं मला मिठी मारली, आंटींना मारली, सरांना वाकून नमस्कार केला. सर गेल्यावर ती वडिलांपुढं येऊन उभी राहिली. शकूबाई घरी होत्या. मध्ये बोलायला कुणी नव्हतं. मी पुढं होणार होते, पण मुद्दाम फाटकाच्या कडीशी खटपट करत बसले.

"बंगलोर किती दूर हाय?" शेवटी देवरावांनी विचारलं.

"रेल्वेनं दीड दिवस, पप्पा."

"तिकडं जाऊन काय पाहिलं ते आमाले कसं समजन?"

प्रणाली हसली. "मले काही नाचता येत नाई."

"मंग तोंडानं सांगजो," देवराव म्हणाले. "दोन वर्षं म्या ऐकलं नाई, माये. आता ऐकतो."